हिरडीसाठी स्टेम सेल: हलणारा दात पुन्हा घट्ट होऊ शकतो का?

समजा तुम्ही सिद्धेश्वरचे आहात. हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथ तालुक्यातलं, पूर्णा नदीवरच्या धरणाचं सिद्धेश्वर. संध्याकाळी मोबाईलवर रील सरकवताय आणि एक व्हिडिओ येतो. पांढरा कोट, थ्रीडी ॲनिमेशनमधला दात आणि खाली लिहिलंय, "हलणारे दात पुन्हा घट्ट, स्टेम सेल थेरपी, आजच बुक करा." घरी बाबांचा खालचा एक दात सहा महिन्यांपासून हलतोय. तुम्ही व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकता आणि लगेच प्रश्न येतो, किती पैसे लागतील?

पैशांच्या आधी दोन गोष्टी माहीत हव्यात. स्टेम सेलने दाताचा आधार खरंच परत तयार होतो का? आणि तसा उपचार आज आपल्याकडे मिळतो का? पहिल्याचं उत्तर आहे, "प्रयोगांत हो, माणसांत थोडंफार." दुसऱ्याचं उत्तर आहे, "विकत मिळेल असा मंजूर उपचार नाही." या दोन उत्तरांच्या मधल्या जागेतच जाहिराती तयार होतात, म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

दात कशावर उभा असतो?

आपल्याला वाटतं दात हाडात रुतून बसलेला असतो, जमिनीत खांब रोवल्यासारखा. तसं नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यात एक बारीक फट असते, साधारण ०.२ मिलिमीटरची. या फटीत हजारो तंतू असतात. एक टोक हाडात शिरलेलं, दुसरं टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात शिरलेलं. या तंतूंच्या थराला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. जुन्या बाजेची वीण आठवा. माणूस बसला की सुंभ थोडा दबतो, वजन चारी बाजूंच्या लाकडावर वाटलं जातं आणि उठलं की परत ताणला जातो. दातही असाच हाडात टांगलेला असतो. म्हणून कडक सुपारी चावतानाही हाडाला थेट दणका बसत नाही आणि भातातला खडा दाताखाली आला की क्षणात कळतं.

म्हणजे दाताचा आधार चार गोष्टींचा मिळून असतो: हिरडी, लिगामेंट, सिमेंटम आणि हाड. एकाला धक्का बसला की बाकीचे हळूहळू मागे सरकतात.

पायोरिया म्हणजे नेमकं काय होतं?

दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो. यालाच आपण कीट किंवा टार्टर म्हणतो. एकदा कडक झाला की ब्रशने निघत नाही. तो हिरडीखाली सरकतो, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. इथपर्यंत सगळं परत पहिल्यासारखं होऊ शकतं. यापुढे मात्र हिरडी दातापासून सुटते आणि मधे खिसा तयार होतो. डेंटिस्ट त्याला पॉकेटच म्हणतात आणि खुणा केलेल्या बारीक सळईने मोजतात. १ ते ३ मिलिमीटर खोली ठीक, त्यापुढे काळजी. खिशातल्या जंतूंशी आपलंच शरीर लढत राहतं आणि त्या लढाईत लिगामेंट आणि हाड विरघळत जातं. दुखत फारसं नाही, हीच खरी अडचण. दात हलायला लागतो तेव्हा बरंच हाड गेलेलं असतं.

हा काही दुर्मीळ आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १०० कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. मधुमेह असेल तर तो जास्त वेगाने वाढतो आणि उलट हिरडीची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. तंबाखूचं तर विचारूच नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, त्यातले बहुतेक चघळून. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानटपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तंबाखू-चुन्याची गोळी जिथे ठेवतात तिथली हिरडी खाली सरकते. विडी-सिगारेटची गंमत वेगळीच. त्याने हिरडीतलं रक्त येणं कमी होतं, त्यामुळे आजार आत वाढत असतो आणि माणूस म्हणतो, "माझ्या हिरड्या एकदम ठणठणीत."

गेलेलं हाड आपोआप का भरून येत नाही?

हात मोडला तर हाड जुळतं. मग दाताभोवतीचं का नाही? याचं चांगलं उत्तर १९७६ मध्ये मेल्चर नावाच्या संशोधकाने मांडलं. जखम साफ केल्यावर मुळाच्या पृष्ठभागावर चार प्रकारच्या पेशी पोहोचू शकतात: हिरडीच्या वरच्या कातडीच्या, हिरडीच्या आतल्या, हाडाच्या आणि लिगामेंटच्या. जी पहिली पोहोचेल ती ठरवते की जखम कशी भरणार. या शर्यतीत हिरडीची कातडी नेहमी जिंकते कारण ती सगळ्यात वेगाने वाढते. ती मुळावर पसरली की जखम वरून बंद होते, पण आत तंतूंची वीण तयार होत नाही. बाजेवर चादर अंथरली, खाली सुंभच नाही, असं काहीसं.

म्हणून १९८२ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती केली. हिरडी आणि मूळ यांच्यात एक पातळ पडदा ठेवला, म्हणजे कातडीच्या पेशी अडतील आणि मागून हळू येणाऱ्या लिगामेंटच्या पेशींना वेळ मिळेल. युक्ती चालली. आजही मेंब्रेन आणि बोन ग्राफ्ट टाकून अशी सर्जरी होते, आपल्या मराठवाड्यातल्या डेंटल कॉलेजांतही. पण ती प्रत्येक खड्ड्यात चालत नाही. हाडाचा खड्डा अरुंद आणि खोल असेल, तीन बाजूंनी भिंत शिल्लक असेल, तर निकाल चांगला येतो. सगळं हाड सपाट खाली गेलं असेल तर पेशी धरून ठेवायला काहीच उरत नाही.

इथे स्टेम सेलची कल्पना येते. हळू येणाऱ्या पेशींची वाट बघण्यापेक्षा त्याच पेशी बाहेर वाढवून थेट जागेवर नेऊन ठेवल्या तर?

अक्कलदाढेतून निघालेल्या पेशी

स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, ही अशी पेशी जी स्वतःसारख्या आणखी पेशी बनवू शकते आणि गरजेनुसार वेगळ्या प्रकारची पेशीही बनू शकते. दातांमध्ये अशा पेशी आहेत हे गेल्या पंचवीस वर्षांतच नीट कळलं आणि त्यातलं बरंचसं काम अमेरिकेतल्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेत झालं. २००० मध्ये दाताच्या आतल्या मऊ गरात, म्हणजे पल्पमध्ये, मूलपेशी सापडल्या. २००३ मध्ये दुधाच्या दातांत. त्यामागचा किस्सा छान आहे. सोंगताओ शी हे संशोधक मुळात लहान मुलांचे डेंटिस्ट. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला, त्यांनी तो निरखून पाहिला तर आत लालसर जिवंत भाग शिल्लक होता. दात थेट लॅबमध्ये गेला.

आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं वर्ष २००४. त्याच गटाने काढलेल्या २५ अक्कलदाढांच्या मुळांवरून लिगामेंट खरवडलं आणि त्यातून मूलपेशी वेगळ्या केल्या. त्या उंदरांमध्ये सोडल्यावर सिमेंटमसारखा थर आणि त्यात शिरलेले तंतू तयार झाले. जी दाढ आपण कापसात गुंडाळून कचऱ्यात टाकतो, तिच्या मुळाला चिकटलेल्या पापुद्र्यात दाताचा अख्खा आधार विणण्याची क्षमता होती.

माणसांवर काय झालं?

दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा, म्हणजे चित्र लगेच कळेल.

पहिला जपानचा. टोकियो विमेन्स मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या ताकानोरी इवाता आणि सहकाऱ्यांनी १० रुग्णांवर उपचार करून २०१८ मध्ये निकाल छापले. पद्धत अशी: रुग्णाचीच अक्कलदाढ काढायची, लिगामेंटच्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या, पण सुट्ट्या पेशी न टाकता त्यांचा अख्खा पापुद्रा बनवायचा. यासाठी एक खास डिश वापरतात. ३७ अंशांवर पेशी तिला चिकटून वाढतात आणि तापमान ३२ च्या खाली आणलं की पापुद्रा फाटल्याशिवाय आपोआप सुटतो. दुधावरची साय अलगद उचलावी तसा. असे तीन पापुद्रे एकावर एक ठेवून साफ केलेल्या मुळावर लावले आणि हाडाच्या खड्ड्यात कॅल्शियमचे दाणे भरले. सहा महिन्यांनी खिसे सरासरी ३ मिलिमीटरच्या आसपास कमी झाले, एक्स-रेमध्ये हाडही वाढलेलं दिसलं. कुणाला पेशींमुळे गंभीर त्रास झाला नाही.

भारी वाटतं ना? पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. फक्त साफसफाई आणि दाणे भरले असते तर किती फरक पडला असता, हे यातून कळत नाही.

दुसरा अभ्यास चीनमधल्या शियानचा, २०१६ चा. यात तुलना होती. ३० रुग्णांचे दात दोन गटांत वाटले. एका गटात सर्जरी, हाडाचे दाणे आणि रुग्णाच्या स्वतःच्या लिगामेंटच्या मूलपेशी. दुसऱ्या गटात तेच सगळं, फक्त पेशी नाहीत. वर्षभरात दोन्ही गटांत हाड भरलं. आणि दोन गटांत नोंद घ्यावी असा फरक दिसला नाही.

माझ्या मते स्टेम सेलच्या जाहिरातीखाली हे वाक्य सक्तीने छापायला हवं. पेशी सुरक्षित ठरल्या ही चांगली बातमी. पण नेहमीच्या चांगल्या सर्जरीपेक्षा त्या जास्त काय देतात हे तिथे सिद्ध झालं नाही. त्यानंतर चीनमध्येच दुसऱ्या माणसाच्या दाताच्या पल्पमधल्या पेशी हिरडीत इंजेक्शनने देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. त्या यशस्वी ठरल्या तर प्रत्येकाची अक्कलदाढ काढायची गरज उरणार नाही, पेशी औषधासारख्या बाटलीत मिळतील. अजून तो टप्पा यायचा आहे.

आपल्या जवळ म्हणावं असं काम कर्नाटकातल्या दावणगेरेच्या कॉलेज ऑफ डेंटल सायन्सेसमध्ये झालं. त्यांनी महागडी लॅबच वगळली. रुग्णाची अक्कलदाढ काढायची, तिच्या मुळावरचं लिगामेंट खरवडून जिलेटिनच्या स्पंजवर घ्यायचं आणि त्याच बैठकीत आजारी दाताजवळच्या खड्ड्यात ठेवायचं. २०१५ मध्ये त्यांनी हे पहिल्यांदा मांडलं आणि २०१८ मध्ये तुलना करणारा छोटा अभ्यासही छापला. स्वस्त आणि डोकेबाज कल्पना आहे, मला ही जपानी पद्धतीपेक्षा आपल्या परिस्थितीला जास्त जवळची वाटते. पण खरवडलेल्या भागात मूलपेशी किती आणि साध्या पेशी किती, हे या पद्धतीत मोजलं जात नाही. महाराष्ट्रात पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठातल्या संशोधकांनी दातांतून मिळणाऱ्या मूलपेशींवर लॅबमध्ये काम केलं आहे. लॅबमधून रुग्णाच्या खुर्चीपर्यंतचा रस्ता मात्र लांब असतो.

अडतं कुठे?

पहिली अडचण जागेची. तोंड म्हणजे जंतूंचं गाव. सुजलेल्या खिशात नाजूक पेशी ठेवणं म्हणजे तण न काढता बी पेरणं. आधी खिसा साफ आणि सूज कमी झालीच पाहिजे.

दुसरी अडचण विणीची. हाड तयार झालं, सिमेंटमही झालं, पण तंतू दोन्ही टोकांना शिरले नाहीत आणि मुळाला समांतर आडवे पडून राहिले तर दात घट्ट होणार नाही. हाड थेट मुळाला चिकटलं तरी नुकसानच, कारण मग शरीर हळूहळू मूळ खायला लागतं.

तिसरी अडचण जरा विचित्र आहे. उपचार खरंच चालला की नाही हे पक्कं कळायला तो भाग कापून मायक्रोस्कोपखाली बघावा लागतो, म्हणजे वाचवलेला दातच काढावा लागतो! प्राण्यांवर हे करता येतं, माणसांवर सहसा नाही. एक्स-रेमध्ये पांढरं दिसलं तर ते नवं हाड की आपण भरलेले दाणे, हे सांगणं कठीण जातं.

आणि खर्च. एका रुग्णासाठी आठवडेच्या आठवडे निर्जंतुक लॅब चालवायची, पेशींची तपासणी करायची, आणि फायदा काय, तर दोन-तीन मिलिमीटर.

भारतात नियम काय सांगतात?

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ मध्ये स्टेम सेल संशोधनासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा सोपा आहे. रक्ताच्या काही आजारांसाठी केलं जाणारं मूलपेशींचं प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, हा नेहमीचा उपचार मानला आहे. बाकी बहुतेक वापर परवानगी घेतलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचा. त्यानंतर एखाद्या उत्पादनाला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, पण ती पायाच्या रक्तवाहिन्या आणि गुडघ्यासाठी. हिरडीसाठी नाही.

दात साठवण्याबद्दलही त्याच सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात मुलांचे दुधाचे दात आणि अक्कलदाढा "भविष्यासाठी" गोठवून ठेवण्याच्या योजना विकल्या जात होत्या. २०१७ च्या सूचनांनुसार व्यावसायिक बँकिंगची परवानगी फक्त नाळेतल्या रक्तापुरती आहे, दातांच्या साठवणुकीला नाही. त्यामुळे धाकट्या बहिणीचा दात पडला तर आजी सांगते तसा छपरावर फेका, त्यासाठी वार्षिक फी भरू नका.

मोबाईलवरच तपासायचं कसं?

कुणी "ट्रायल चालू आहे" म्हणालं तर नोंदणी क्रमांक विचारा. भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. गुगलवर सीटीआरआय टाका, एनआयसी डॉट इनवरची साईट उघडा, क्रमांक सर्चमध्ये भरा. कुठलं हॉस्पिटल, किती रुग्ण, प्रमुख डॉक्टर कोण, सगळं फुकटात दिसतं. क्रमांक सांगता येत नसेल तर ती ट्रायल नाही. आणि प्रयोगातल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. "ट्रायल आहे, फक्त ऐंशी हजार" हे वाक्यच चुकीचं आहे.

आणखी एक घोळ पीआरएफचा. तुमच्याच हाताच्या नसेतून रक्त घेतात, मशिनमध्ये गरागरा फिरवतात आणि वर जमलेला पिवळसर जेलीसारखा भाग जखमेत ठेवतात. यात प्लेटलेट आणि जखम भरायला मदत करणारे घटक असतात, बरेच पेरिओडॉन्टिस्ट तो वापरतात आणि त्याचा उपयोगही होतो. पण पीआरएफ म्हणजे स्टेम सेल थेरपी नव्हे. बिलावर स्टेम सेल लिहून पीआरएफ दिलं जात असेल तर प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

मग बाबांच्या दाताचं काय?

हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डेंटिस्टकडे आधी तपासणी आणि एक्स-रे. दात वाचण्यासारखा आहे असं वाटलं तर हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टॉलॉजीत एमडीएस केलेले डॉक्टर गाठा. सिद्धेश्वरहून परभणी किंवा नांदेडला डेंटल कॉलेज आहे. शासकीय कॉलेज हवं असेल तर छत्रपती संभाजीनगर. कॉलेजांमध्ये खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा बराच कमी येतो, फक्त चकरा जास्त माराव्या लागतात.

तिथे पहिल्यांदा खोल साफसफाई करतील, हिरडीखालचा कीट काढतील. चार ते सहा आठवड्यांनी खिसे परत मोजतील. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. खिसा तरी खोल राहिला तर फ्लॅप सर्जरी, आणि खड्डा योग्य आकाराचा असेल तर त्यात ग्राफ्ट किंवा मेंब्रेन.

घरी मोठी माणसं म्हणतील, "दात साफ केले की हलायला लागतात, शेजारच्या काकांचे हलले." काकांचे दात आधीच हललेले होते. दोन दातांच्या मधे साचलेला कडक कीट त्यांना सिमेंटसारखा धरून होता. तो निघाला आणि खरी परिस्थिती दिसली. सूज उतरल्यावर काही आठवड्यांत दात आधीपेक्षा थोडे घट्टही होतात, फक्त त्या काळात बाबांची तंबाखूची डबी घरी कुणीतरी सांभाळावी लागते.